रुमालाखालची बोली

देवाशी मी भांडले, हे आधीच कबूल करते. लोक अशा आठवणी हात जोडून सुरू करतात. माझे हात त्या दिवसांत कमरेवर होते. बहात्तरच्या दुष्काळाला तीनेक वर्षं झाली होती. आमचे आप्पाकाका, सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारी, माझं लग्न पक्कं करायला साताऱ्याला गेले आणि तिथंच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी चार वर्षांची असताना वडील वारले, तेव्हापासून मला वाढवलं ते आप्पांनीच. पेठेतून घरी येताना अर्धी गल्ली जेवायला घेऊन येणारा माणूस तो! पानं किती मांडायची हे काकूला कधी आधी कळलंच नाही. कुणाची तरी चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. आणि आता ते नुसते छताकडं बघत पडले होते.

दवाखान्यात काकू आणि मी, अशा दोघीच होतो. आठ दिवस झाले. त्यांना कितपत समजतंय ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोयरे भले होते. साखरपुडा ठरल्या तिथीला करू, नाहीतर पुढं ढकलू, तुम्ही म्हणाल तसं, असा त्यांचा निरोप आला. पण आप्पांनी हो म्हटल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, हा माझा हट्ट. आणि आप्पा आत आहेत की नाहीत हेच कळेना! डाव्या हातानं ते सारखी चादर ओढायचे, जवळ जाईल त्याची बोटं पकडायचे. आम्हाला वाटायचं, वातात आहेत. काकू हलकेच बोटं सोडवून घ्यायची आणि त्यांचा हात उशीवर नीट ठेवायची.

चतुर्थीला मी उपास धरला आणि गणपतीला बजावलं, "एक शब्द. फक्त एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकव. नाहीतर तुझ्यापुढं पुन्हा निरांजन लावणार नाही." कसली भक्ती ही, धमकीच की!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला त्याचे थोरले भाऊ आले. आटपाडीकडचे म्हातारे चाचा, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर मोठा रुमाल. डबा ठेवता ठेवता त्यांची नजर आप्पांच्या हातावर गेली.

"नखं पिवळी हायत," ते म्हणाले. "हळदीतलं मानूस दिसतंय."

"सांगलीच्या पेठेतले आहेत," मी म्हटलं. "पण आता बोलता येत नाही त्यांना."

"आगं पोरी, हळदीवाला तोंडानं कवा बोलतो?"

मला अर्थ लागायच्या आत ते खाटेच्या कडेला टेकले, आप्पांच्या डाव्या हातावर रुमाल टाकला आणि आपला हात खाली सारला. पेठेत हळदीचा भाव असाच ठरायचा, रुमालाखाली बोटं दाबून, शेजारच्याला पत्ता लागू न देता. हे ऐकून मला ठाऊक होतं, पण तिथं बायका जात नसत. मी कधी बघितलं नव्हतं. "शेठ, राजापुरी हळद हाय, लय चांगला माल. बोला," चाचा म्हणाले. रुमाल हलला. चाचांनी डोळे मिटले आणि एकदम ओरडले, "आवं, ह्यो आजारी हाय का दरोडेखोर? निम्म्यानं मागतोय!"

आप्पांचं अर्धं तोंड हसलं.

आठ दिवस आप्पा बोलत होते आणि आम्ही त्यांची बोटं सोडवत होतो! अगं बाई, काय म्हणाले असतील ते आम्हाला मनातल्या मनात!

चाचांनी ठरवून दिलं: हो असेल तर एक बोट दाबायचं, नाही असेल तर दोन. आधी काकूनं हात घातला. "अहो, पेज आवडते का तुम्हाला?" दोन बोटं, इतकी करकचून की काकू कळवळून हसली आणि हसता हसता रडली. मग मी हात घातला. "आप्पा, साखरपुडा पुढं ढकलू?" दोन बोटं. "ठरल्या तिथीला करू?" एक. आणि मग त्यांनी माझा अख्खा पंजाच धरला.

"झालं पोरी, सौदा पक्का," चाचा म्हणाले.

देवानं मदतीला धाडलेला माणूस नंतर कुणाला दिसत नाही म्हणतात. आमचे चाचा चांगले दिसले. लग्नाला सहकुटुंब आले, बासुंदीच्या चार वाट्या रिचवल्या आणि आप्पांबरोबर तासभर रुमालाखाली खोटेखोटे सौदे करत बसले. दोघांचे खांदे हसून हलत होते.

मी मागितलेला शब्द काही मिळाला नाही. आप्पांची वाचा आलीच नाही. देवानं द्यायचं ते मी धमकी द्यायच्या आधीपासून, रोज, माझ्या हातात ठेवलं होतं. मीच हात सोडवून घेत होते. निरांजन अजून लावते. मात्र कसं दे, कुठून दे, हे त्याला शिकवायचं सोडलं. त्या चाचांचे आणि त्यांना पाठवणाऱ्याचे उपकार फिटायचे नाहीत.

आप्पा पुढं सहा वर्षं मजेत जगले. ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका हळहळल्या, "जाताना काही बोलले नाहीत हो!"

काकूनं पदरानं डोळे पुसले. "बोलले नाहीत कसे?" ती म्हणाली. "ही बघा, बोटं अजून दुखतायत माझी."