घोण की वाणी

माझं माहेर पारनेरकडचं, कोरड्या रानातलं. पुष्कळ पायांच्या किड्यांत मला तिथे एक गोमच माहीत होती. सासर अकोले तालुक्यात, जंगलाला लागून. पावसाळ्यात पाचोळा उचलला की पायच पाय दिसायचे. काळे, लाल, पिवळ्या पट्ट्यांचे. मी सगळ्यांना गोमच म्हणायची. सासूबाई हसायच्या. "म्हशीला न् शेळीला बी एकच म्हनशील का गं?"

एका पावसाळ्यात आमची भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालली होती. पाऊस थांबला, म्हणून अंगावरचं पानांचं इरलं काढून मी बांधावर कलतं ठेवलं आणि नुकत्याच बसायला लागलेल्या लेकीला त्याच्या आडोशाला गोधडीवर ठेवलं. थोड्या वेळानं ती किंचाळली. मी धावले. तिच्या मुठीतून काहीतरी लांबट इरल्याखाली पडलं, एवढंच दिसलं. तळहात तपकिरी झाला होता आणि त्याला उग्र वास येत होता.

मला वाटलं, घोण. म्हणजे मोठी गोम. ती चावल्यावर शेजारीण दोन दिवस विव्हळत होती. एवढंसं पोर कसं सोसणार?

माहेरी विंचू चावला की वर आवळून बांधायचे. मी पदराची चिंधी फाडून तिच्या मनगटावर करकचून बांधली. बघता बघता बोटं निळी पडली. विष चढलं असंच वाटलं. तोवर खाचरातून सासूबाई आल्या. त्यांच्यापुढे एरवीही माझा आवाज फुटत नसे. तिचा हात त्यांच्यापुढे धरून कसंबसं म्हटलं, "घोण."

"पळाली का गोळा झाली?"

"न्हाई बघितलं."

त्यांनी इरलं उचललं. खाली एक लालसर किडा वेटोळं करून पडला होता. "ही वाणी हाय. एकेका पेराला पायांच्या दोन जोड्या, बघ. घोनीला एकच. न् ती अशी पडून ऱ्हायली असती व्हय? ही चावत न्हाई. दाबली की रस सोडती, त्याचा डाग हा."

"मग बोटं निळी?"

"तूच आवळल्यात की! सोड आधी."

गाठ दातानं सोडली. बोटं हळूहळू गुलाबी झाली. सासूबाईंनी रस तिच्या डोळ्यांत जाऊ न देता हात चोळून धुतला. डाग काही निघेना. "लेकीनं मेंदी लावून घेतली," त्या म्हणाल्या. मी चिखलातच बसले आणि तिला पदराखाली घेतलं. ती भराभर प्यायला लागली.

भाकरी खाताना त्यांनी पाचोळा उकरून आणखी दाखवल्या. एक चपटी, कडेला पिवळे ठिपके असलेली. एक बोट लावताच मण्यासारखी गोल मिटणारी. त्याही वाणीच. दगडाखालून एक घोण सळकन पळाली, तीही मी आता नीट बघितली.

संध्याकाळी घरच्यांनी विचारलं, "पोरीच्या हाताला काय झालं?"

सासूबाई चुलीपुढे होत्या. तरी मीच बोलले, "वाणी धरली हुती. घोण असती तर पळाली असती."

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "म्हस न् शेळी वळखाय लागली."