बाहेरून लावलेलं कुलूप

माझ्या नोकरीत खुनाचे, दरोड्यांचे पुष्कळ तपास झाले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहेत. दापोडीच्या त्या बैठ्या चाळीतली सोमवारची सकाळ मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजून डोकं तापतं. संबंधितांची नावं मी लिहीत नाही.

सत्तावन्न सालचा उन्हाळा संपत आला होता. मी फौजदार होतो आणि दापोडीची चौकी माझ्या हद्दीत होती. मुंबईत फ्लूची साथ आल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. सुरुवातीला लोकांनी ती थट्टेवारी नेली. कारखान्यात कोणी शिंकलं की बाकीचे म्हणायचे, "राव, घ्या चार दिवस रजा." मग पिंपरीकडे एक-दोन माणसं दगावली आणि आठवड्याभरात सगळं पालटलं. हॉटेलवाल्यानं मुंबईहून येणाऱ्यांसाठी वेगळे कप ठेवले. दारादारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले. चौकीत तक्रारी यायला लागल्या, त्याही चमत्कारिक: अमका खोकतो, त्याला हाकला. माझ्या हवालदारानं तशा सात अर्जांची चळत करून ठेवली होती.

त्या सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना गवळी आला. हा जवळच्या खेड्यातला म्हातारा, रोज चाळीत दूध घालायचा. कॅन खाली ठेवून म्हणाला, "सायेब, एका खोलीत माणूस हाय आन् भायेर कुलूप हाय."

"तुला कसं कळलं?"

"दूध घालाया गेलो तर आतून कुनीतरी दार खरवडत व्हतं. शेजारच्यांना इचारलं तर म्हनले, त्ये गावाला गेल्यात. मंग आत कोन हाय?"

मी दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो. दाराला मोठं पितळी कुलूप होतं. मागची खिडकी बाहेरून फळ्या ठोकून बंद केली होती. कुलूप तोडलं. आत तिशीतली एक बाई दाराशीच पडली होती, तापानं फणफणलेली. कोपऱ्यात तिची सासू मरून पडली होती. माठ कोरडा ठणठणीत होता. शिपायानं आणलेला तांब्या बाईनं दोन्ही हातांनी धरला, पण आधी सासूकडे बोट केलं. "त्यांना द्या," म्हणाली.

तिला दवाखान्यात पाठवून पंचनामा केला. तिचा जबाब दुसऱ्या दिवशी मिळाला. ती बीडकडची. नवरा फिटर, कंपनीच्या कामावर आठ दिवस बाहेरगावी. बहिणीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली होती, ती गुरुवारी परतली. शुक्रवारी तिला ताप भरला, शनिवारी सासूला. त्याच दुपारी बाहेर कडी वाजली. तिनं हाका मारल्या, सासूनं मारल्या. कोणी ओ दिली नाही.

चाळीत अकरा बिऱ्हाडं. मी प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "कुलूप बघून आम्हाला वाटलं, गावाला गेले." शब्दसुद्धा तेच. खरं सांगणारी दोन माणसं कधी सारख्या शब्दांत सांगत नाहीत. पण हे कोर्टात सांगून भागत नाही.

मी पुन्हा चाळीत जाऊन नुसता उभा राहिलो. सार्वजनिक नळ त्या खोलीच्या पलीकडे, वीस पावलांवर. तरी बायका हंडे घेऊन मागच्या नाल्याकडून वळसा घालून नळावर जात होत्या. तिथल्या गवतात ताजी पायवाट पडली होती. शेजारच्या बाईला मी तिथंच थांबवलं.

"शनिवारपासून याच वाटेनं पाणी भरता?"

"व्हय."

"का? रिकाम्या खोलीसमोरून जायला कसली भीती?"

तिनं हंडा खाली ठेवला. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "म्हातारी पाणी मागत व्हती, सायेब. ऐकवत न्हवतं. म्हनून तिकडनं जात न्हवतो. आता बी पाय वळत न्हाई."

ऐकवत नव्हतं म्हणून वाट बदलली. मी तिच्यावर हात उगारला नाही, एवढंच. पण पुढचं तिनंच सांगितलं. शनिवारी सकाळी बैठक झाली. चाळ कमिटीचा प्रमुख, कारखान्यातला कारकून, म्हणाला, ही बाई मुंबईहून रोग घेऊन आली, आपली पोरंबाळं मरतील. कुलूप त्यानंच लावलं. भजनी मंडळाच्या पेटीचं होतं ते.

कारकून चौकीत आला तो इस्त्रीच्या कपड्यांत. "मी चाळ वाचवली, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

तोवर हवालदार दवाखान्यातून केसपेपर घेऊन आला होता. चाळीतल्या कोणाकोणाला आधी ताप आला, एवढंच बघायला मी त्याला पाठवलं होतं. पहिला कागद याच्या बायकोचा होता, मंगळवारचा. ती बाई मुंबईहून परतण्याच्या दोन दिवस आधीचा.

मी कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो वाचला, घडी केली, उलगडला.

"लोकांना कळलं असतं तर आम्हाला हाकललं असतं," तो म्हणाला.

"म्हणून तिचं नाव पुढं केलंत?"

घरात ताप असल्याचं त्याला ठाऊक होतं. लोकांचं बोट आपल्या दाराकडे वळू नये म्हणून त्यानं दुसरं दार दाखवलं, आणि बाकीच्या घरांनी ते आनंदानं पाहिलं.

सासू तापानं गेली की पाण्यावाचून, हे डॉक्टरांना खात्रीनं सांगता आलं नाही. कोंडून ठेवल्याचा गुन्हा तेवढा उभा राहिला. साक्षीला एकटी शेजारीण टिकली. बाकीच्यांना काही आठवेना. कारकुनाला थोडी कैद झाली. बाकीच्या घरांपैकी कोणावर काहीच झालं नाही, कारण पाणी न देणं कुठल्या कलमात बसवायचं ते मला सापडलं नाही. फिटर परतल्यावर त्यानं मला एकच विचारलं, "कुनीच न्हाई दिलं?"

माणूस घाबरतो, ते मी समजू शकतो. मीही त्या दिवसांत घरी गेलो की आधी हात धुऊन मग मुलांना जवळ घ्यायचो. पण घाबरलेल्या माणसाला कोणीतरी दोषी हवा असतो, आणि तो दाखवणाऱ्याच्या घरात काय दडलंय हे कोणी विचारत नाही. साथ पुढं सगळ्या दापोडीत पसरली. त्या चाळीतलं एकही घर सुटलं नाही.

नंतर जिथं बदली झाली तिथं साथीच्या दिवसांत मी शिपायांना एकच ताकीद देत आलो: गस्तीवर असताना बंद घर दिसलं, तर शेजाऱ्यांना विचारू नका. दार वाजवा, आणि कान लावून थांबा.