बकरीच्या भरवशावर

सासूबाईंना विसर पडायला लागला तेव्हा त्यांचे पाय माझ्यापेक्षा धड होते, आणि सगळा घोळ तिथेच होता. अमडापूरजवळच्या आमच्या गावातून त्या रोज दुपारी वावराकडे निघायच्या आणि अर्ध्या वाटेत कुठे निघालो तेच विसरायच्या. दोनदा त्यांना भलत्याच्याच तुरीतून शोधून आणलं. नणंदेनं अकोल्याहून फोनवर फर्मान काढलं, "दाराले कुलूप लाव." लावलं. तर आतून दार बडवत सासूबाई ओरडायच्या, "काऊन वं, मी काय चोर आहो?"

चिखलीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "डोकं साथ देत नाही, निदान पाय तरी चालू राहू द्या. विसरणारं माणूस एकदा खाटेला खिळलं की फार दिवस काढत नाही." म्हणजे कुलूप लावलं तर खाट आणि काढलं तर कोणाची तरी विहीर. मी जाम वैतागले.

मग मला आमची बकरी सुचली. ऊन उतरलं की ती आपणहून घराकडे वळायची. तिची दोरी मी सासूबाईंच्या हातात दिली. आपण बकरी चारायला नेतो असं त्यांना वाटायचं. खरं तर बकरीच त्यांना फिरवून आणायची. गावानं चिक्कार चेष्टा केली. पण सासूबाई पोटभर जेवायच्या, गाढ झोपायच्या, आणि मला जुन्याच जोमानं शिव्या द्यायच्या. त्या शिव्या ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे बकरी व्याली. घरी दोन पिल्लं ठेवून तिला चरायला नेलं, तर पान्हा भरून आल्यावर ती वेळेआधीच घराकडे सुसाट सुटणार, हे आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगायला नको. तरी एकालाही सुचलं नाही. सासूबाईंनी दोरी मनगटाला गुंडाळली होती. धुऱ्याच्या बांधावरून फरफटत पडल्या आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं. शिकवलेला व्यायाम त्या दुसऱ्या घटकेला विसरायच्या. पाय मोडलाय हेही विसरून उठायला बघायच्या आणि कळ आली की माझ्या नावानं ओरडायच्या. हळूहळू ते उठणंही थांबलं, मग जेवण तुटलं. डॉक्टरांचं बोलणं रोज थोडं थोडं खरं होताना मी बघत होते. फार वाईट दिवस होते ते.

नणंद येऊन राहिली. म्हणाली, "कुलूप लावलं असतं तर मायवर ही पाळी आली नसती."

"हाव," मी म्हटलं. "अजून दोन-चार वर्सं दार बडवत राह्यल्या असत्या."

त्यानंतर आम्ही दोघी कामापुरतंच बोलायचो.

दुपार झाली की सासूबाई एकच मागायच्या, "चपला दे वं, उशीर होऊन राह्यला." आधी मी समजूत काढायचे. पुढे पुढे चपला आणून झोपल्या जागीच त्यांच्या पायांत घालायला लागले. मग त्या शांत पडून राहायच्या.

सासूबाई गेल्या त्याही अशाच एका दुपारी. अंघोळीसाठी नणंदेनं पांघरूण ओढलं आणि पाय बघून माझ्याकडे वळली, "हे काय वं?"

"वावरात चालल्या होत्या," मी म्हटलं.

तिनं खाली बसून मायच्या चपला काढल्या, दोन्ही पाय छातीशी धरले आणि रडली.