बुडालेल्या तालमीची माती

ताकात हळद कालवली की त्या वासानं मला आमची बुडालेली तालीम आठवते. आमच्या मावळातल्या गावात धरणाचं पाणी चढत होतं आणि माझ्या जोडीची पोरं घरच्यांबरोबर केव्हाच पांगली होती. तरी म्हातारे वस्ताद म्हणाले, "गाव बुडंल, पर तालमीची माती बुडू द्यायची न्हाई." ताक, तेल, हळद घालून वर्षानुवर्षं मुरवलेली ती तांबडी माती आम्ही दोघांनी बैलगाडीत भरली आणि औंढ्याच्या माळावर त्यांनी खणलेल्या नव्या आखाड्यात नेऊन ओतली. वस्तादांनी नारळ फोडला, शड्डू ठोकला आणि म्हणाले, "लाव लंगोट. पयली कुस्ती माज्यासंगं." मी मान खाली घालून म्हणालो, "आबा, सांजच्या गाडीनं आमीबी मुंबईला निगालो. थोरल्या भावानं गिरनीत बोलावलंय." त्यांनी खोरं उचललं आणि माती उकरून मऊ करू लागले. पडणाऱ्या पोराला लागू नये म्हणून रोज सकाळी करायचे, अगदी तशीच. आता मी त्यांच्या वयाचा झालोय. त्या मऊ मातीत पुढं कधीच कुणी पडलं नाही.