पलीकडचं पेट्रोल

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच असं झालं, की तीन दिवस तपास करूनही आपण नेमका कोणता गुन्हा शोधतोय हे मला कळत नव्हतं. प्रकरण छोटं होतं. वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. पण मोठमोठ्या प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत, आणि हे मात्र पंचनाम्यासकट पाठ आहे.

तेव्हा मी गुजरातच्या सीमेजवळच्या एका ठाण्याची प्रभारी होते. ठाण्याचं रोजचं काम ठरलेलं: महामार्गावरचे अपघात, जमिनीच्या बांधावरून मारामाऱ्या, आणि दमणहून चोरून येणारी दारू. नाक्यावर आमची माणसं उभी असत. टेम्पो अडवायचा, ताडपत्री काढायची, खोकी मोजायची, गाडी जप्त करायची. जप्त गाड्या ठाण्याच्या मागे गंजत पडलेल्या असत. आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं दाखल्यासाठी ठाण्यात आली की त्या गाड्यांकडे बघतच आत यायची.

एका दुपारी वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर साठीची एक बाई मोटारसायकलच्या धडकेने पडली. रानभाजीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघाली होती. खुब्याचं हाड मोडलं. मोटारसायकलस्वार पळून गेला. एका टेम्पोचालकाने नंबर टिपून ठेवला होता, त्याने ठाण्यात फोन केला. मी अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि हवालदारांना घेऊन जागेवर गेले. ब्रेकची खूण, तुटलेल्या आरशाची काच, विखुरलेली भाजी, एक निळं प्लास्टिकचं झाकण. सगळं पंचनाम्यात लिहिलं. झाकण कशाचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. रस्त्याच्या कडेला प्लास्टिक असतंच.

नंबरावरून मालक तासाभरात सापडला. जवळच्याच एका पाड्यावरचा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण. गाडी घरामागे गोणपाट टाकून ठेवलेली, उजवा आरसा नाही, मडगार्ड वाकलेलं. असा गुन्हा एरवी संध्याकाळच्या चहापर्यंत उलगडतो.

मी त्याला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मीच म्हणा."

"म्हणा म्हणजे? तू होतास की नव्हतास?"

"माझी गाडी, म्हणजे मीच ना, मॅडम."

"कुठून येत होतास?"

"पलीकडून."

"पलीकडे काय काम होतं?"

पुन्हा विचारलं. म्हणाला, "अपघाताचं काय ते लिहा, मी सही करतो. पलीकडचं मी काय सांगणार नाय."

जबाब लिहून घेणारी आमची शिपाई पेन थांबवून माझ्याकडे बघत होती. "मॅडम, 'मीच म्हणा' हे जबाबात कसं लिहू?"

"काहीच लिहू नकोस," मी म्हटलं.

आरोपी अपघात नाकारतो आणि बाकी वाटेल ते सांगतो, हा आमचा रोजचा अनुभव. इथे सगळं उलटं होतं. अपघात कबूल, पण पलीकडे गेला कशाला, हे जिवावर बेतलं तरी सांगायचं नाही. मी आमच्या हवालदारांकडे पाहिलं. ते याच तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी एकच शब्द म्हटला, "दारू."

मलाही तेच वाटलं. तरुणाला गाडीमालक म्हणून चालकाचं नाव सांगण्याची नोटीस दिली, रोज सकाळी दहाला हजर राहायला सांगितलं आणि गाडी ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी गोपनीय विभागाचा कर्मचारी एक फाइल घेऊन आला. रेल्वेत निवड झालेल्या उमेदवाराची चारित्र्य पडताळणी. सोमवारच्या आत अहवाल जायचा होता. नाव वाचलं आणि मी दाराबाहेर बाकावर बसलेल्या त्या तरुणाकडे पाहिलं. तोच. त्याच्या पाड्यावरून सरकारी नोकरीत जाणारा पहिला मुलगा. अहवालात एक रकाना असतो, उमेदवाराविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय. तिथे 'होय' लिहिलं की नोकरी अडकली, बहुतेक गेलीच. म्हणजे एका बाजूला हा मुलगा 'मीच म्हणा' म्हणत होता, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या त्या म्हणण्यावर त्याचं आयुष्य टांगलेलं होतं. त्याला हे माहीत असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून तर वाटत नव्हतं. बाकावर बसून तो शांतपणे वडापाव खात होता.

मी जखमी बाईला भेटायला रुग्णालयात गेले. तिला औषधांची गुंगी होती, नीट बोलत नव्हती. तिथली परिचारिका मात्र वैतागलेली होती.

"मॅडम, हिच्या लुगड्याला काय पेट्रोलचा वास! कापून काढावं लागलं. सगळा वॉर्ड घमघमत होता. टाकी फुटली होती का?"

टाकी फुटलेली नव्हती. मी स्वतः तपासली होती, झाकणही घट्ट होतं. मग एवढं पेट्रोल आलं कुठून? आणि दारूची वाहतूक असेल तर दारूचा वास यायला हवा. परत येताना हवालदारांना विचारलं, तर ते म्हणाले, "मलापण आता काय कळत नाय, मॅडम."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाड्यावर झडती घेतली. दारूचा एक थेंब मिळाला नाही. पण गाडी थांबताच पाड्यावर जी धावपळ झाली, ती मी दारूच्या भट्टीवरच्या छाप्यातही पाहिलेली नाही. बायका घरात शिरल्या, दारं लागली. कुडाच्या कुंपणावर मात्र धुतलेले निळे कॅन उपडे घातलेले होते. अकरा. प्रत्येकावर रंगाने वेगळी खूण: एकावर मासा, एकावर फूल, एकावर नुसते दोन ठिपके. एका कॅनला झाकण नव्हतं. जवळच ताजी माती ओढलेला खड्डा होता आणि त्यातून पेट्रोलचा वास येत होता.

हवालदारांनी वाकून वास घेतला. "ओतून टाकलं यांनी. एवढं महागाचं पेट्रोल मातीत!"

एक म्हातारी तेवढी बाहेर बसून राहिली होती. मी तिच्याजवळ गेले. "आजी, हे कॅन कशाचे?"

"तुला दिसतंय ना, बाय."

"पेट्रोलचे. कुणाचे?"

"सगळ्यांचे. आता सगळ्यांना नेणार काय?"

"कशासाठी नेऊ?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम वेड घेऊन पेडगावला जातेय. मग तिनेच समजावलं. पेट्रोल महाग होत गेलं. कामाला जायला गाडी लागते, भाजी बाजारात न्यायला गाडी लागते. सीमेच्या पलीकडे लिटरमागे चांगलाच फरक पडतो. पण एकेकट्याने तिकडे जायचं तर जाण्या-येण्यातच वाचलेलं जळून जातं. म्हणून पाड्याने पाळी लावली होती. आठवड्याला एक जण त्या तरुणाची गाडी घेऊन जाणार आणि दोन फेऱ्यांत सगळ्यांचे कॅन भरून आणणार. आपला कॅन ओळखू यावा म्हणून खुणा.

"मग यात लपवण्यासारखं काय आहे?"

"अगं, दमणची दारू तुम्हीच धरता ना नाक्यावर? ती तिकडे स्वस्त, म्हणून इकडे आणतात. म्हणून तुम्ही धरता. माणूस आत, गाडी तुमच्या ठाण्यामागे. आमचं पेट्रोल पण तिकडे स्वस्त, म्हणून इकडे आणलं. मग आम्हाला सोडाल काय?"

उत्तर असणार हे मला माहीत होतं. पण उभ्या उभ्या ते मला देता येईना. दारू तिकडून इकडे आणली तर गुन्हा, मग पेट्रोल आणलं तर का नाही? हवालदार खड्ड्याकडे बघत राहिले.

ठाण्यात येऊन मी फोन लावले. पुरवठा विभागातला माणूस म्हणाला, प्लास्टिकच्या कॅनमध्ये सुटं पेट्रोल द्यायलाच मनाई आहे, पण ती पंपवाल्याला, आणि पंप तिकडच्या राज्यात. उत्पादन शुल्कवाल्याने विचारलं, "पेट्रोल? ते आमच्याकडे कशाला?" ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं, घरी वापरायला थोडं आणलं तर राज्याच्या सीमेचा काही संबंध नाही, मात्र साठवण धोक्याची, आग लागली तर वेगळा विषय. वरिष्ठांनी सगळं ऐकून विचारलं, "तुम्ही अपघाताचा तपास करताय ना?"

जबाब लिहिणाऱ्या शिपाईचा भाऊ कुवेतला टँकर चालवतो. ती म्हणाली, "मॅडम, तिकडे पेट्रोल इतकं स्वस्त, की भाऊ इथे सुट्टीला आला की पंपावर आकडा बघतच उभा राहतो."

"त्यांच्या जमिनीतून निघतं ना ते," हवालदार म्हणाले.

"नॉर्वेच्या समुद्रातूनही निघतं, काका. तिथे आपल्यापेक्षा महाग. कर लावतात."

"स्वतःच्याच तेलावर?"

"हो."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. म्हणून पलीकडे वेगळा भाव."

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे त्या पेट्रोलला स्वतःचा असा भाव आहे की नाय?"

एक गोष्ट मात्र आता मला स्पष्ट झाली होती. गेले तीन दिवस मी एका गुन्ह्याबद्दल विचारत होते आणि तो मुलगा दुसऱ्याच गुन्ह्याबद्दल गप्प होता.

मी त्याला आत बोलावून समोर बसवलं. "नीट ऐक. पलीकडून पेट्रोल आणणं म्हणजे तस्करी नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणणं मूर्खपणा आहे, कोणी तरी जळून मराल. ते बंद करा. पण त्यासाठी अख्खा पाडा आत जात नाही."

"खरं सांगताय?"

"आणि दुसरं. ही तुझी रेल्वेची फाइल. अपघाताचा गुन्हा तुझ्या नावावर लागला तर इथे मला 'होय' लिहावं लागेल."

तो फाइलकडे बघतच राहिला. चेहरा उतरला. "अपघाताला ठाण्यातच जामीन होतो ना? आमच्यातल्या एकाचा झालेला. मला वाटलं, अपघात छोटा. तस्करी मोठी."

"मग आता सांग, गाडीवर कोण होतं?"

तो पुन्हा गप्प बसला. नोकरी जातेय हे कळल्यावरही. त्या मुलाबद्दल माझं मत चांगलं झालं आणि डोकं मात्र आणखी दुखायला लागलं, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, अहवाल पाठवायचा शेवटचा दिवस.

मी हवालदारांना पाड्यावर पाठवलं, म्हातारीला एवढंच सांगायला: पेट्रोलसाठी कोणाला धरणार नाही, पण मुलाची नोकरी जातेय. दुपारी एक तिशीची बाई ठाण्यात आली. पंजाबी ड्रेस, डोक्याला स्कार्फ. त्या तरुणाची वहिनी. उमरगावच्या कारखान्यात कामाला जाणारी, मोटारसायकल चालवणारी, लायसन्सही असलेली.

तिला बघताच तो बाकावरून उठला. "वहिनी, तू कशाला आलीस?"

"गप बस. मोठा आलाय गुन्हेगार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी पेट्रोल आणायची पाळी माझी होती. मागे कॅन, वळणावर गाडी घसरली, आजीला लागली. मी थांबलेली, मॅडम. सावलीत बसवलं तिला, पाणी पाजलं. मग माणसं धावत आली. कॅनमधून पेट्रोल गळत होतं. ते बघतील म्हणून मी पळाले."

टेम्पोचालकाने 'मोटारसायकलस्वार' म्हटलं, मी 'पळून गेला' लिहिलं. पळून गेली असेल हे माझ्या, एका बाईच्या, डोक्यात तीन दिवसांत एकदाही आलं नाही. हेही इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी रुग्णालयात जखमी बाई शुद्धीत होती. मी विचारलं, तिला कोणी मदत केली का? ती म्हणाली, "एक पोर होती. सारखी रडत होती आणि म्हणत होती, आजी, डोळे मिटू नको. तिला कुठे लागलं का हो?"

गुन्हा वहिनीवर लागला. ठाण्यातच जामीन झाला, पुढे न्यायालयात तिने कबुली दिली आणि दंड भरला. त्या बाईची शस्त्रक्रिया झाली. ती काठी घेऊन चालायला लागेपर्यंत पाड्यावरचं कोणी ना कोणी तिच्याकडे जात होतं. मुलाचा खोटा जबाब कागदावर कुठेच नव्हता, कारण 'मीच म्हणा' कसं लिहायचं हे आम्हाला सुचलं नव्हतं. शनिवारी अहवालात 'नाही' लिहून मी सही केली. तो खोटेपणा नव्हता, त्याच्यावर खरोखरच गुन्हा नव्हता. त्याला वाणगाव स्टेशनवर नेमणूक मिळाली.

त्या प्रकरणानंतर मी चौकशीची सुरुवात बदलली. समोरच्याला आधी विचारायचे, "आम्ही कशासाठी आलोय असं तुम्हाला वाटतं?" नव्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगते. अर्धे लोक भलतंच काही तरी सांगतात, आणि तपास तिथून सुरू होतो.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. मी नंतर वाचलंही. दारूला परवाना लागतो, पेट्रोलचं तसं नाही, वगैरे. तिला जाऊन सांगितलं असतं तर ते पटलं असतं की नाही, मला माहीत नाही. मलाच ते पाठ झालंय, पटलंय असं म्हणता येणार नाही. एवढं नक्की कळलं, की कायदा तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. तो मुलगा, त्याची वहिनी, तो सगळा पाडा कायदा शिकला होता आमच्या नाक्यावर, आम्ही काय धरतो ते बघून. ज्या गुन्ह्याला आम्ही गाडी जप्त करत होतो तो त्यांनी मोठा समजला, आणि ज्यात रस्त्यावर माणूस पडतं तो छोटा. त्या हिशेबाने एका मुलाने आपली नोकरी देऊन टाकली होती, आणि मी ती जवळपास घेतलीच होती.