राखीव वीस टक्के

आधीच सांगते, माझा असल्या प्रकारांवर विश्वास नाही. आजी ओरडायची म्हणून अमावास्येला मुद्दाम नखं कापत बसणारी मुलगी होते मी! तेव्हा हे वाचून कुणी मला उदी-अंगारा सुचवू नये.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाची. चेन्नईला शोळिंगनल्लूरमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेटवर्क मी सांभाळत होते. प्रोबेशनवर. बाहेरची लाइन हळू, म्हणून मध्ये एक कॅशिंगचं यंत्र बसवलेलं. आम्ही त्याला नुसतं ‘बॉक्स’ म्हणायचो. एकाने उतरवलेली पानं, फाइली तो आपल्या मेमरीत आणि डिस्कवर ठेवून घ्यायचा आणि पुढच्या माणसाला तिथूनच द्यायचा. डिस्कचा किती भाग साठवणीला द्यायचा आणि किती रिकामा राखायचा, हे मात्र आपण ठरवायचं.

हे मला शिकवलं रावसरांनी. माझे सीनियर. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. डाव्या हातात कॉफीचा टंब्लर, आणि टायपिंग एकट्या उजव्या हाताने... तरी माझ्यापेक्षा वेगात.

“डिस्क भरली की बॉक्स मेला, बाई,” ते म्हणायचे. “वीस टक्के रिकामें ठेव. हात लावूं नको त्यांस.”

तीन महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बॉक्स माझ्याकडे आला.

डेव्हलपर तक्रार करत होते, नेट फार स्लो. मी हिशोब केला. वीस टक्के डिस्क रिकामी ठेवणं म्हणजे चैन होती! राखीव जागा पाचवर आणली, उरलेली साठवणीला दिली. सकाळभर सगळे खूश. दुपारनंतर पुन्हा बोंब. बघते तर राखीव जागा वीस.

पुन्हा पाच केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वीस.

लॉग, म्हणजे बॉक्सची कमांडची नोंदवही, उघडला. तीन वाजून दहा मिनिटं, युजर रावसर, ठिकाण — कन्सोल. कन्सोल म्हणजे बॉक्सच्या मागच्या पोर्टला केबल लावून, त्याच्यापुढे उभं राहून दिलेली कमांड. ती केबल माझ्या ड्रॉवरमध्ये होती. बॉक्स सर्व्हर रूममध्ये, आणि तिच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी मॅनेजरकडे.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. “रावचा पासवर्ड तुला माहीत होता?”

“नाही सर.”

“तो अंथरुणावर आहे. मी कमांड दिलेली नाही. मग उरलं कोण? स्वतःच्या चुका आजारी माणसाच्या नावावर टाकू नकोस.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “उद्या तीन वाजता माझ्याबरोबर आत चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

दुसऱ्या दिवशी रावसरांचं अकाउंट मॅनेजरसमोर डिलीट केलं. आकडा पाचवर ठेवला. आम्ही दोघं बॉक्सपुढे उभे राहिलो, हाताची घडी घालून. मागचा पोर्ट रिकामा. तीन दहाला पुढच्या छोट्या पडद्यावर पाचचे वीस झाले. लॉगमध्ये नाव तेच... जे अकाउंट आता नव्हतंच.

मॅनेजर घाम पुसत म्हणाले, “सॉफ्टवेअर बग.” यंत्र बनवणाऱ्यांना फोन केला, लॉग पाठवले. केबलशिवाय असं होणं शक्य नाही, एवढंच त्यांचं उत्तर.

शनिवारी ऑफिस बंद. मी अड्यारला रावसरांच्या घरी गेले. भीती नव्हती, राग होता. दार मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने उघडलं.

“आंत या. ऑफिसांतलें कोणी आलें म्हणजे त्यांस बरें वाटतें.”

सर छताकडे बघत पडले होते. मामींनी कॉफी दिली. मी काहीबाही बोलत होते, आणि चादरीवरचा त्यांचा उजवा हात हलायला लागला. लुळा पडलेला, तोच हात.

“रोज ह्याच वेळीं,” मामी म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात नसांचा खेळ.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले होते. बोटं चादरीवर टाइप करत होती. एक लांब शब्द, अंगठ्याने स्पेस, एक छोटा शब्द, पुन्हा स्पेस, दोन आकडे. मग करंगळीने एंटर. ती लय मी तीन महिने शेजारी बसून ऐकली होती.

कप खाली ठेवला आणि भांडलेच मी त्यांच्याशी.

“सर, वीस फार होतात! ऑफिस माझ्या नावाने ओरडतंय. मॅनेजर मला खोटारडी ठरवतायत. तुम्ही शिकवलंत ना मला? मग जमू द्या की मला! पाच पुरे आहेत. रोज लक्ष ठेवते मी.”

हात थांबला. सरांचे डोळे माझ्याकडे वळले, बराच वेळ वळलेलेच. मग बोटं पुन्हा हलली, हळूहळू, एकदाच. करंगळी आपटली आणि हात निपचित पडला.

सोमवारी सकाळी लॉग उघडला. शनिवार, तीन दहा: वीस. शनिवार, तीन सोळा: दहा.

माझे पाच नाहीत, त्यांचे वीसही नाहीत. घासाघीस केली म्हाताऱ्याने! मी दहाचे आठ केले आणि दुपारी तीनला बॉक्ससमोर खुर्ची टाकून बसले. आठाचे आठच राहिले. त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज.

संध्याकाळी मामींना फोन केला. म्हणाल्या, “आज हात हलला नाहीं. शांत निजले आहेत.” सर त्यानंतर दीड वर्ष जगले. तो हात पुन्हा कधीच हलला नाही. मॅनेजरनी मला कन्फर्मेशनचं पत्र दिलं, माफी मात्र मागितली नाही. मीही त्या गोष्टीबद्दल त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही.

वाचणाऱ्यांत इंजिनियर असतील. शेड्यूल लावलेलं असेल, जुना बॅकअप परत बसत असेल, हे मला सांगू नका. सगळं तपासलं होतं मी. आणि आत्मा, इच्छाशक्ती वगैरे म्हणणाऱ्यांना तर मी आजही दारात उभं करत नाही. उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नाही.