औंधच्या रंगूबाईची मूठ

म्हैस फक्त रंगूबाईचा हात ओळखायची. दुसऱ्या कुणाचा हात ओळखायची तिची तयारीच नव्हती. धाकटी जाऊ धोंडुबाई हिनं एकदा हौसेनं कासेला हात घातला, तर म्हशीनं तिला बादलीसकट गोठ्याबाहेर घालवलं. औंधजवळच्या त्या वाडीत त्यामुळं रंगूबाईचा रुबाब होता. नवरा मानसिंग पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर येणारा. घरचं दूध डेअरीला जायचं ते रंगूबाईच्या मुठीतून, आणि म्हणून घरात तिच्या शब्दाला वजन होतं.

आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो, असं म्हणतात. रंगूबाईचा मुंगीच्याच पायानं आला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सकाळी उठलं की बोटं आखडलेली असायची, ऊन वर आलं की सुटायची. मग सांधे सुजले. बांगड्या चढेनात. कासारानं साबण लावून हात चोळला तेव्हा भर अंगणात ती रडली. धोंडुबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कामाचा कंटाळा आला की हात दुखत्यातच." कुणी बिब्बा घाल म्हणालं, कुणी निर्गुडीचा शेक सांगितला, कुणी एरंडेल पाजलं. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

मानसिंग रजेवर आला तेव्हा तिला घेऊन मिरजेला गेला. रहिमतपूरपर्यंत एस.टी., पुढं रेल्वे. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून बघितली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "आमवात आहे. मुळापासून जाणार नाही, पण आवरून धरता येईल. गोळ्या नेमानं घे आणि दर महिन्याला दाखवायला ये." दाराबाहेर माणसांची रीघ लागलेली. रंगूबाईला एकच विचारायचं होतं, माझ्या हातांनी धार निघंल का? पण परक्या ठिकाणी तिची जीभ उचलली नाही. मानसिंग गोळ्या आणायला गेला आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली.

शेजारची बाई म्हणाली, "नवीनच कळलं व्हय दुखनं?"

ही चंद्राबाई. कवठे महांकाळची, रंगूबाईपेक्षा पाच-सात वर्षांनी थोरली, बोटं वाकडी झालेली आणि चेहरा मात्र गोल, भरलेला. तिनं रंगूबाईचे हात आपल्या मांडीवर घेतले, पण दाबले नाहीत. कुठं दाबलं की कळ येते हे तिला ठाऊक होतं.

"उठल्या उठल्या गोठ्यात पळू नगं," ती म्हणाली. "सोसंल असं ऊन पानी घे. हात बुडव, मूठ मीट, उघड. बोटं सैल झाली की मग धारंला बस. आन घरात कुनाला पटवून द्याया जाऊ नगं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

रंगूबाईनं तसं केलं आणि खरोखर धार निघायला लागली. दुखायचं, पण निघायची. "खरंच दुखतं का गं?" असं न विचारणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं. त्या दिवसापासून मिरजेची तारीख तिला माहेरच्या सणासारखी वाटायला लागली. मानसिंग पलटणीत परत गेला, तरी ती एकटी जायची. दोघी बाकावर बसायच्या, भाकरी सोडायच्या. हंडा कसा उचलायचा, जात्याला कुठला हात लावायचा, रात्री बोटं कशात गुंडाळायची, सगळं चंद्राबाई सांगायची. आत जायची वेळ आली की म्हणायची, "तू जा म्होरं, मला काय घाई न्हाई."

पौषात यमाईच्या जत्रेला चंद्राबाई औंधाला आली. रंगूबाईनं तिला घरी नेलं, पुरणाचं जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी दोघी डोंगरावर यमाईच्या मूळपीठाला निघाल्या. आणि चंद्राबाई, जिला बाकावरून उठताना हाताचा टेकू लागायचा, ती पायऱ्या पोरीसारखी चढून गेली. रंगूबाई धापा टाकत वर पोचली तेव्हा ती कठड्यावर बसून हसत होती.

"आक्का, हे कसं गं?"

चंद्राबाईनं कनवटीतून कागदाची पुडी काढली. आत तांबूस भुकटी. आमच्या तिकडं एक वैद्य आहे, झाडपाल्याचं देतो, ती म्हणाली. दोघींनी देवीसमोर एकमेकींची ओटी भरली, बहिणी झाल्या. मग चंद्राबाईनं रंगूबाईचा हात अंगाऱ्यावर ठेवला. "यमाईची आन घे. डॉक्टरला सांगायचं न्हाई, नवऱ्याला न्हाई, कुनालाच न्हाई. झाडपाल्याचा गुन बोलून दावला की जातो."

हे तर रंगूबाईलाही लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या आजीला विंचवाच्या विषावरचं पान माहीत होतं आणि ते न सांगताच ती गेली. रंगूबाईनं आण घेतली.

चार दिवसांत तिची मूठ मिटली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी बोटं तळहाताला टेकली. पहाटे ऊन पाण्याशिवाय तिनं धार काढली आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडली. आता तिला दुसऱ्या म्हशीचा हुरूप आला. कासार आला तेव्हा हिरव्या बांगड्या आपोआप चढल्या. चेहरा भरला. "अंगानं भरली गं," बायका म्हणायच्या, आणि धोंडुबाईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, तुमच्याच गोळ्यांचा गुण. त्या गोळ्या घरी फडताळात तशाच पडून होत्या. चंद्राबाई दर महिन्याला बाकावर वैद्याचे पैसे घ्यायची आणि पुड्या द्यायची.

पुढल्या पावसाळ्यात मानसिंग रजेवर आला. ओढ्याला पाणी, एस.टी. बंद, मिरजेची तारीख हुकली. पुड्या संपत आल्या तशी रंगूबाईनं शेवटची एक कनवटीला राखून ठेवली आणि बाकीच्या दिवसांत काहीच घेतलं नाही. एका सकाळी ती अंथरुणातून उठायला गेली आणि उठलीच नाही. हात, गुडघे, घोटे, सगळं एकदम फुगलं होतं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, पोटात पाणी ठरत नव्हतं. मानसिंगनं तिला पाठुंगळी घेऊन ओढा पार केला आणि मिरजेला नेलं.

"काय घेत होतीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रंगूबाईनं कनवटीवर हात दाबला. परत विचारलं. ती छताकडं बघत राहिली. शेवटी मानसिंगनंच तिच्या कनवटीला हात घातला आणि पुडी टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी चिमूट बोटावर घेतली. "हा झाडपाला नव्हे, बाई. कारखान्यात होणाऱ्या गोळीची ही भुकटी, वर गेरूचा रंग दिलेला. ती गोळी मीही देते, पण मोजून, गरजेपुरती. मापाशिवाय महिनोन्महिने घेतली की हाडं पोकळ होतात, जखमा भरत नाहीत. आणि एकदम सोडली की हे असं होतं. जिवावरचं होतं. आता थोडी थोडी करूनच उतरवायला हवी." मग त्यांनी चष्मा काढला. "कवठ्याची अशीच एक बाई होती. दोन वर्षांपूर्वी तिलाही मी हेच सांगितलं. त्यानंतर माझ्याकडं ती आलीच नाही. व्हरांड्यात मात्र दिसते अधूनमधून."

इतक्या महिन्यांत चंद्राबाईला डॉक्टरच्या दारातून आत जाताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तू जा म्होरं, मला काय घाई न्हाई. दोन वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं म्हणजे यमाईच्या पुढं ओटी भरतानाही ठाऊक होतं. परक्यानं फसवलं असतं तर रंगूबाईनं त्याला चार शिव्या देऊन विषय सोडला असता. हा बहिणीनं केसानं कापलेला गळा होता.

चालता यायला लागलं तशी ती कवठ्याला गेली. चंद्राबाई उंबऱ्यात पाय पसरून बसली होती.

"तुला ठावं हुतं?" रंगूबाईनं उभ्यानंच विचारलं.

"हुतं."

"मग मला का दिलीस?"

चंद्राबाईनं खाली बघितलं नाही. "नवीन मानूस आनलं की वैद्य माजी पुडी फुकट देतो. माज्या घरात मला इकत कोन घिऊन देनार? सून पानी देत न्हाई."

"बहीन म्हनवलीस की गं मला."

"आन तुजं दुखनं थांबलं न्हाई व्हय? सा म्हयनं धार काढलीस का न्हाई?" चंद्राबाई म्हणाली. "मला वाटलं, तू तरी समजून घेशील."

रंगूबाईला संताप आला, पण धार तर तिनं काढली होती. सांगायचं म्हणून तिनं एवढंच सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हनत्यात, एकदम सोडू नगं. त्येंच्याकडं जाऊन हळूहळू उतरव."

"सोडतंय कोन?" चंद्राबाई म्हणाली.

म्हैस पुढं विकावी लागली. दुसऱ्या कुणाला ती धार देईना, आणि रंगूबाईची बोटं आता अर्ध्यात यायची आणि थांबायची. तरी मिरजेची तारीख तिनं चुकवली नाही. एकदा ती त्याच बाकावर बसली असताना तासगावकडची एक तरणी बाई येऊन टेकली. लीलाबाई तिचं नाव. बोटांचे सांधे बोरांसारखे सुजलेले.

"मावशी, तुमी औंधाकडच्या का?" लीलाबाईनं विचारलं. "तिकडं रंगूबाई म्हनून कोन हाय म्हनं. तिची मूठ मिटत नव्हती, ती आता दोन म्हशींची धार काढती. कवठ्याच्या एका आक्कांनी सांगितलं. पुडी घ्यायच्या आदी मी म्हनलं, कुनाला गुन आलाय? तर म्हनाल्या, औंधच्या रंगूबाईची मूठ बघून ये."

तिच्या हातांचं वाटोळं झालं ते झालं, तिचं नावही आता चंद्राबाई दारोदार विकत होती.

"मीच ती रंगूबाई," ती म्हणाली आणि मूठ मिटून दाखवायला लागली. बोटं अर्ध्यात थांबली.

लीलाबाईनं त्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. "न्हाई वं. तुमी दुसऱ्या कुनीतरी असाल. त्यांची मूठ मिटती." आणि कनवट सावरत ती बाकाच्या टोकाला सरकली.

तेवढ्यात आतून शिपायानं पुकारा केला. "औंधच्या रंगूबाई."

लीलाबाईचा हात कनवटीवर तसाच राहिला. रंगूबाई भिंतीला धरून उठली.

"चल माज्यासंगं आत," ती म्हणाली. "पुडी घिऊन चल. तू घेतलेली आन मोडल्याचं पाप मला लागू दे."